विश्लेषण : पाचगणीतील ‘हेक्टिक्स’ ते लंडनचा ‘क्वीन’... फ्रेडी मर्क्युरीला पहिल्या रेकॉर्डसाठी १५ वर्षे का लागली?

पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, वाईचा पसरणी घाट चढून गेले की पाचगणी लागते. टेबललँड, स्ट्रॉबेरी आणि निवासी शाळांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १९५८ च्या सुमारास पाच शाळकरी मुलांनी एक बँड काढला. त्यात पियानो वाजवणारा, पुढे आलेल्या दातांमुळे ओठ मिटून हसणारा एक पारशी मुलगा होता. त्याचे नाव फारोख बुलसारा. जगाने त्याला पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही त्याची गाणी आजही क्रिकेटच्या मैदानापासून मोबाइलच्या रील्सपर्यंत वाजत असतात. मात्र शाळेतला तो पहिला बँड आणि ‘क्वीन’ची पहिली रेकॉर्ड यांच्यात तब्बल १५ वर्षांचे अंतर आहे. या काळात नेमके काय घडले? नव्या बँडला पहिले गाणे बाजारात आणण्यासाठी कोणत्या दिव्यातून जावे लागते? फ्रेडीच्या आयुष्याचा हा आढावा.

फारोख बुलसारा कोण होता?

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर झाला. वडील बोमी बुलसारा आणि आई जेर हे गुजरातमधील पारशी कुटुंबातले. बुलसर म्हणजे आजचे वलसाड, त्यावरूनच हे आडनाव आले. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि बोमी तेथे सरकारी नोकरीत कॅशियर होते. घरात नोकरचाकर, जवळच समुद्र, असे सुखवस्तू बालपण होते. १९५२ मध्ये धाकटी बहीण काश्मिराचा जन्म झाला. फारोखचा पियानोशी परिचय सातव्या वर्षाच्या आसपास झाला. पारशी रिवाजानुसार त्याचा नवजोत विधीही झाला. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. झांझिबारमध्ये त्याला मर्यादा होत्या आणि नातेवाईक मुंबईत होते. म्हणून वयाच्या आठव्या वर्षी, १९५५ च्या सुरुवातीला त्याला जहाजाने भारतात पाठवण्यात आले.

पाचगणीच का?

ब्रिटिशांनी थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवलेल्या पाचगणीत इंग्रजी वळणाच्या निवासी शाळांची परंपरा होती. सेंट पीटर्स ही मुलांची शाळा त्यातलीच. शिस्त कडक, खेळ सक्तीचे, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना. आठ वर्षांच्या मुलाला समुद्रापलीकडच्या आईवडिलांपासून दूर येथे राहायचे होते. प्रत्येक सुट्टीत झांझिबारला जाणे शक्य नसे, त्यामुळे अनेक सुट्ट्या मुंबईत नातेवाइकांकडे जात.

चार जादा दातांमुळे त्याचे वरचे दात पुढे आले होते. मुलांनी त्यावरून त्याला ‘बकी’ हे चिडवायचे नाव ठेवले. ‘फ्रेडी’ हे नावही याच शाळेतले. शिक्षकांनी आणि मित्रांनी ते वापरायला सुरुवात केली आणि पुढे घरच्यांनीही स्वीकारले. खेळात तो चपळ होता. टेबल टेनिसमध्ये तो शाळेत अव्वल ठरला, बॉक्सिंग आणि हॉकीही खेळला. १९५८ मध्ये त्याला कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषक मिळाला. चित्रकलेतही गती होती.

संगीताची दिशा मात्र शाळेच्या मुख्याध्यापकांमुळे मिळाली. मुलाच्या हातात सूर आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि थोडी जादा फी भरून पियानोची स्वतंत्र शिकवणी लावावी, असे त्यांनी बोमी बुलसारांना कळवले. वडिलांनी होकार दिला. फ्रेडीने पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. शाळेच्या समूहगायनातही तो होता. पुढे ‘क्वीन’च्या गाण्यांत एकावर एक रचलेल्या आवाजांची जी भिंत ऐकू येते, त्याचा पाया म्हणून या समूहगायनाकडे पाहता येते.

त्या काळात पाचगणीत रॉक संगीत कसे पोहोचले?

मुख्यतः रेडिओमुळे. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर हे मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीताला वाव मिळावा म्हणून त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. परिणामी देशभरातला तरुण श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. तेथे हिंदी गाण्यांबरोबर पाश्चात्त्य गाण्यांचे कार्यक्रमही लागत. एल्व्हिस प्रिस्ले, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी अशा मार्गाने डोंगरावरच्या वसतिगृहापर्यंत आली. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे फ्रेडी लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असे त्याच्या शाळासोबत्यांनी सांगितले आहे. त्याच काळात लता मंगेशकर यांचा आवाजही त्याच्या कानावर पडत होता आणि त्याच्या घडणीतील प्रभावांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

‘द हेक्टिक्स’ हा बँड कसा होता?

ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रँच गिटार वाजवायचा, व्हिक्टरी राणा ड्रम्सवर आणि फरांग इराणी बेसवर असायचा. फ्रेडी पियानो वाजवायचा आणि मागून साथीला गायचा. म्हणजे पुढे जगातील सर्वोत्तम गायकांमध्ये गणला गेलेला मुलगा आपल्या पहिल्या बँडमध्ये मुख्य गायक नव्हता. फरांगचा बेस हा चहाच्या रिकाम्या खोक्याला दांडा आणि तार लावून केलेला होता. इंग्लंडमध्ये त्या काळी स्किफल नावाच्या संगीतप्रकारात असे घरगुती बेस सर्रास वापरले जात.

बँडची स्वतःची गाणी नव्हती. रेडिओवरची लोकप्रिय गाणी जशीच्या तशी वाजवायची आणि शाळेच्या कार्यक्रमांत सादर करायची, एवढेच त्याचे स्वरूप. शेजारच्या मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनी श्रोत्यांत असल्या की मुलांचा उत्साह वाढायचा. एरवी लाजाळू असलेला फ्रेडी पियानोवर बसला की वेगळाच व्हायचा, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे.

शाळा संपली तसा बँडही संपला. डेरिक ब्रँच पुढे ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी आणि चित्रपटांत अभिनेता झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात वरिष्ठ अधिकारी झाला आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व त्याने केले. फरांग इराणी हॉटेल व्यवसायात गेला. फ्रेडी मात्र संगीतातच राहिला.

पाचगणी सुटल्यानंतर काय झाले?

शेवटच्या वर्षांत फ्रेडीचे अभ्यासातले लक्ष उडाले. १९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. तेथे फार काळ राहणे नशिबी नव्हते. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथवली गेली आणि हिंसाचारात हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. ब्रिटिश पासपोर्ट असलेले बुलसारा कुटुंब जमेल तेवढे सामान घेऊन इंग्लंडला निघाले. लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरातील एका लहान घरात त्यांचा नवा संसार सुरू झाला. १७ वर्षांचा फ्रेडी आता निर्वासित कुटुंबातला मोठा मुलगा होता. आईवडिलांना त्याने वकील किंवा हिशेबनीस व्हावे असे वाटत होते. त्याने कलाशिक्षण निवडले. सुट्टीत हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यासारखी कामे करून त्याने खर्च भागवला. १९६६ मध्ये इलिंग कला महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका मिळवली. हे शिक्षण पुढे बँडच्या कामी आले.

ब्रायन मे आणि रॉजर टेलर कसे भेटले?

इलिंगमध्ये टिम स्टाफेल हा फ्रेडीचा सहाध्यायी होता. टिम ‘स्माइल’ नावाच्या बँडमध्ये गायचा आणि बेस वाजवायचा. त्याचा जोडीदार ब्रायन मे हा इम्पिरियल कॉलेजचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या लाकडापासून स्वतःची गिटार बनवली होती आणि तीच तो आयुष्यभर वाजवत आला. दोघांना ड्रमवादक हवा होता म्हणून कॉलेजच्या सूचनाफलकावर कागद लावला गेला आणि दंतवैद्यकाचा विद्यार्थी रॉजर टेलर त्यांना मिळाला.

फ्रेडी ‘स्माइल’चा चाहता झाला. त्यांच्या तालमींना आणि कार्यक्रमांना जायचा, कपडे कसे हवेत, मंचावर कसे वावरावे याचे न विचारता सल्ले द्यायचा. पण गायकाची जागा रिकामी नव्हती. दरम्यान तो आणि रॉजर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने, झगमगीत कपडे विकण्याचा स्टॉल चालवत. ‘स्माइल’ला १९६९ मध्ये एक रेकॉर्ड काढायची संधी मिळाली. ती फक्त अमेरिकेत निघाली आणि कोणाच्या लक्षातही आली नाही.

फ्रेडीने मग इतरत्र गाणे सुरू केले. ऑगस्ट १९६९ मध्ये तो लिव्हरपूलच्या ‘आयबेक्स’ बँडमध्ये गेला. हाच बँड पुढे ‘रेकेज’ नावाने गायला आणि काही महिन्यांत फुटला. १९७० च्या सुरुवातीला ‘सावर मिल्क सी’ या दुसऱ्या बँडच्या जाहिरातीला उत्तर देऊन तो तेथे गायक झाला. तोही बँड टिकला नाही. माइकचा स्टँड तळापासून सुटून वरचा अर्धा भाग हातात आला आणि तोच त्याने कायमचा धरला, ही प्रसिद्ध कथा याच काळातली मानली जाते.

‘क्वीन’ची स्थापना कधी झाली?

१९७० च्या वसंतात टिम स्टाफेलने ‘स्माइल’ सोडला. ब्रायन आणि रॉजर हताश झाले होते. फ्रेडीने गायकाची जागा घेतली आणि बँड नव्याने उभा करण्याचा आग्रह धरला. ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले. नाव छोटे, भारदस्त, कोणत्याही भाषेत उच्चारता येणारे आणि थोडे खोडकर होते. इतर दोघे सुरुवातीला साशंक होते, पण नाव राहिले. याच सुमारास त्याने बुलसारा आडनाव सोडून ‘मर्क्युरी’ घेतले.

२७ जून १९७० रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील ट्रुरो येथे या चमूचा पहिला कार्यक्रम झाला. रेड क्रॉसच्या मदतीसाठी असलेला हा कार्यक्रम रॉजरच्या आईने ‘स्माइल’च्या नावाने आधीच ठरवला होता. म्हणजे ‘क्वीन’ची सुरुवात दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली झाली.

फ्रेडीने आपले ग्राफिक डिझाइनचे शिक्षण वापरून बँडचे मानचिन्ह काढले. त्यात चौघांच्या राशी आहेत. सिंह राशीच्या दोघांसाठी दोन सिंह, कर्केच्या ब्रायनसाठी खेकडा, कन्या राशीच्या स्वतःसाठी दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. पहिली रेकॉर्ड निघण्याआधीच बँडची ओळख कागदावर तयार होती.

बेसवादक मिळायला इतका वेळ का लागला?

गायक, गिटार आणि ड्रम्स जुळले तरी चौथा माणूस टिकत नव्हता. माइक ग्रोस, बॅरी मिचेल आणि डग बोगी असे तीन बेसवादक काही महिन्यांत आले आणि गेले. नव्या बँडमध्ये पैसे नसतात, कार्यक्रम कमी असतात आणि तालमी मात्र रोज असतात. त्यामुळे ज्याला पर्याय आहे तो निघून जातो. शिवाय येथे तीन ठाम मतांची माणसे आधीच होती. १९७१ च्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी जॉन डीकन चाचणीला आला. तो १९ वर्षांचा, अबोल आणि कामात पक्का होता. कोणाशी वाद न घालता तो गाण्यात नेमके बसायचा आणि बिघडलेली उपकरणेही दुरुस्त करायचा. कचऱ्यात टाकलेल्या सर्किटपासून त्याने बनवलेला छोटा अॅम्प्लिफायर पुढे ‘क्वीन’च्या अनेक रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला. हीच चौकडी पुढे २० वर्षे एकही बदल न होता टिकली. रॉक संगीताच्या इतिहासात हे दुर्मीळ आहे.

पहिले रेकॉर्डिंग फुकट कसे झाले?

स्टुडिओचे भाडे ही तेव्हा नव्या बँडपुढची सर्वांत मोठी भिंत होती. १९७१ च्या अखेरीस लंडनच्या डी लेन ली या स्टुडिओने वेम्बली भागात नवी इमारत उभारली. एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत जातो का, हे तपासण्यासाठी त्यांना मोठ्याने वाजवणारा बँड हवा होता. ओळखीतून हे काम ‘क्वीन’ला मिळाले. त्या बदल्यात त्यांना आपली गाणी रेकॉर्ड करता आली. अशा प्रकारे ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’सह पाच गाण्यांची नमुना-फीत तयार झाली.

ही फीत घेऊन ते कंपन्यांचे उंबरठे झिजवू लागले. एका कंपनीने करार देऊ केला, पण रक्कम फार कमी वाटल्याने त्यांनी तो नाकारला. हातात काहीही नसताना नाही म्हणणे धाडसाचे होते. अखेर १९७२ मध्ये ट्रायडंट या स्टुडिओच्या मालकांनी त्यांना घेतले.

ट्रायडंटच्या करारात अडचण काय होती?

रेकॉर्डिंग, गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क आणि बँडचे व्यवस्थापन, या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हातात गेल्या. व्यवस्थापकाचे काम बँडच्या बाजूने रेकॉर्डिंग कंपनीशी भांडण्याचे असते. दोघेही एकच असतील तर भांडणार कोण? सुरुवातीला मात्र यात फायदाच दिसला. वाद्ये, ध्वनियंत्रणा आणि लंडनमधील सर्वोत्तम स्टुडिओंपैकी एक हाताशी आला.

पण तो रिकामा असेल तेव्हाच. डेव्हिड बोवी, एल्टन जॉन यांच्यासारखे पैसे भरणारे कलाकार स्टुडिओ वापरत. त्यांचे काम संपले की उरलेल्या तासांत, बहुधा रात्री उशिरा, ‘क्वीन’ला बोलावणे येई. पहाटेपर्यंत तुकड्या-तुकड्यांत काम चाले. रॉय थॉमस बेकर आणि जॉन अँथनी हे निर्माते सोबत होते. ‘द नाइट कम्स डाउन’ हे गाणे ट्रायडंटमध्ये पुन्हा मनासारखे होईना, म्हणून डी लेन लीमधली जुनी फीतच अल्बममध्ये घ्यावी लागली.

१९७२ च्या अखेरीस अल्बम जवळजवळ तयार होता, पण तो बाजारात आणणारी कंपनी नव्हती. फेब्रुवारी १९७३ मध्ये बीबीसी रेडिओने या बँडची काही गाणी ध्वनिमुद्रित करून प्रसारित केली. रेकॉर्ड नसलेल्या बँडसाठी ही मोठी गोष्ट होती. त्यानंतर ईएमआय कंपनीबरोबर करार झाला.

पहिल्या रेकॉर्डचे काय झाले?

येथे एक गंमत आहे. फ्रेडीच्या आवाजातील बाजारात आलेली पहिली रेकॉर्ड ‘क्वीन’ची नव्हती आणि त्यावर त्याचे नावही नव्हते. ट्रायडंटमधील एका ध्वनिमुद्रकाला जुन्या गाण्यांवर प्रयोग करायचा होता. त्याने फ्रेडीला गायला बोलावले. ब्रायन आणि रॉजरनेही साथ दिली. ही रेकॉर्ड १९७३ च्या उन्हाळ्यात ‘लॅरी ल्युरेक्स’ या बनावट नावाने निघाली आणि विसरली गेली.

६ जुलै १९७३ रोजी ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ हे ‘क्वीन’चे पहिले गाणे प्रसिद्ध झाले. ते विक्रीच्या यादीत आलेच नाही. रेडिओवरही फारसे वाजले नाही. एका आठवड्याने, १३ जुलैला ‘क्वीन’ याच नावाचा पहिला अल्बम आला. गाणी तोवर दोन-तीन वर्षे जुनी झाली होती आणि बँड पुढे गेला होता. ब्रिटनमध्ये झगमगीत पोशाखाच्या रॉकची लाट आधीच येऊन गेल्यामुळे समीक्षकांना हा बँड उशिरा आलेला अनुकरणकर्ता वाटला. प्रत्यक्षात ही गाणी आणि हे कपडे त्याआधीचेच होते. नव्या कलाकाराचे काम वेळेवर बाहेर न आल्यास काय नुकसान होते, याचे हे नेमके उदाहरण.

मदत झाली ती दोन गोष्टींनी. वर्षअखेरीस ‘मॉट द हूपल’ या लोकप्रिय बँडच्या दौऱ्यात त्यांना आधी वाजवण्याची संधी मिळाली आणि गावोगाव श्रोते तयार झाले. नंतर फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात अचानक एक जागा रिकामी झाली आणि ‘क्वीन’ला बोलावले गेले. त्यांनी सादर केलेले ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ घाईने बाजारात आणण्यात आले आणि ते दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी ‘किलर क्वीन’ दुसऱ्या क्रमांकावर गेले.

यश मिळाले, मग पैसे का नव्हते?

गाणी यादीत वर होती, पण चौघांना ट्रायडंटकडून आठवड्याला ६० पौंड मिळत. स्टुडिओचा वेळ, वाद्ये आणि दौऱ्यांचा खर्च कंपनी बँडच्या खात्यावर मांडत होती. त्यामुळे विक्री वाढली तरी हिशेबात बँड कर्जातच दिसे. जॉन डीकनला घरासाठी उचल हवी होती, ती नाकारली गेली. शेवटी वकिलांमार्फत १९७५ मध्ये ट्रायडंटपासून सुटका झाली, पण त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली.

या अवस्थेत पुढचा अल्बम पडला असता तर बँड संपला असता. त्यांनी ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ हा त्या काळातील सर्वांत खर्चिक अल्बमपैकी एक बनवला. त्यातील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे जवळपास सहा मिनिटांचे होते. ठरावीक कडवे-धृपद नाही, मध्येच ऑपेरा. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे कंपनीचे मत होते. ऑक्टोबर १९७५ च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पैशांबरोबर भांडणेही आली. या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला रॉजरचे गाणे होते. रेकॉर्ड एकच असल्याने त्यालाही फ्रेडीइतकाच लेखकाचा मोबदला मिळाला आणि इतरांत नाराजी पसरली. श्रेय कोणाचे, हा वाद बँडमध्ये अनेक वर्षे धुमसत राहिला. १९८९ च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून सर्व गाणी चौघांच्या नावावर टाकायचे ठरले, तेव्हा तो शमला.

फ्रेडीचा शेवट कसा झाला?

१३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानात इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. ‘क्वीन’ने सुमारे २० मिनिटांत ७० हजारांहून अधिक श्रोत्यांना एका सुरात टाळ्या वाजवायला लावले. पहिला अल्बम प्रसिद्ध झाल्याच्या दिवसाला तेव्हा बरोबर १२ वर्षे झाली होती. ऑगस्ट १९८६ मध्ये नेबवर्थ येथे चौघांचा शेवटचा कार्यक्रम झाला.

१९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. तेव्हा या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते आणि समाजात भीती व तिरस्कार होता. त्याचे पुरुषांशी असलेले संबंध हा आधीच ब्रिटिश वृत्तपत्रांचा चवीचा विषय होता. त्याने आजार जवळच्यांपुरता ठेवला आणि शक्य तोवर स्टुडिओत गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमधील घरी त्याचे निधन झाले. त्याच्यावर पारशी धर्मगुरूंनी अंत्यविधी केले. आयुष्यात त्याने आपल्या भारतीय बालपणाबद्दल फारसे बोलणे टाळले होते. निरोप मात्र नवजोत झालेल्या फारोखसारखाच घेतला.

एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीत त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि त्यातून एड्सविरोधी कामासाठी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. त्याच वर्षी पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. आज औषधांमुळे एचआयव्हीबाधित व्यक्ती दीर्घ आयुष्य जगू शकते. फ्रेडी ही औषधे येण्याच्या जेमतेम चार-पाच वर्षे आधी गेला.

पुण्यातील नव्या बँडना यातून काय घेता येईल?

पुण्यात बँडची कमतरता नाही. ‘अग्नी’सारखा बँड याच शहरातून देशभर पोहोचला. ‘एनएच-७ वीकेंडर’ हा महोत्सव २०१० मध्ये येथेच सुरू झाला. आता खोलीत बसून लॅपटॉपवर गाणे रेकॉर्ड करता येते आणि ते त्याच दिवशी जगभरच्या अॅपवर टाकता येते. रिकाम्या स्टुडिओची रात्रभर वाट पाहण्याची गरज उरलेली नाही.

मात्र ‘क्वीन’ला ज्या तीन गोष्टींनी छळले, त्या अजूनही तशाच आहेत. पहिली, टिकणारी माणसे. चौथा माणूस मिळेपर्यंत त्यांनी तीन जण बदलले, पण योग्य माणूस येईपर्यंत थांबले. दुसरी, करार. व्यवस्थापन, रेकॉर्डिंग आणि प्रकाशन एकाच हातात देताना त्यांनी पुढचा विचार केला नाही आणि त्याची किंमत मोजली. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला मोबदल्यातील वाट्याचा असा हक्क दिला आहे, जो करारावर सही करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही. सही करण्यापूर्वी हे माहीत असायला हवे. तिसरी, श्रेय. गाणे कोणाचे, हे पहिल्या तालमीतच लिहून ठेवले तर पुढची भांडणे टळतात.

‘हेक्टिक्स’मधल्या पाच मुलांपैकी चौघांनी वेगळे मार्ग धरले आणि त्यात ते यशस्वीही झाले. फ्रेडीला ती सवलत स्वतःला द्यायची नव्हती. ‘रेकेज’ फुटला, ‘सावर मिल्क सी’ फुटला, पहिले गाणे पडले, तरी तो पुढच्या तालमीला हजर होता. पाचगणीच्या शाळेतला पियानो ते वेम्बलीचे मैदान हा रस्ता त्याने असा, एकेक तालीम करत पार केला.